चार खान्यांचं पाणी

कारखान्यात तिला सगळे पॅकरबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं आणि ते तिथेच पडून असे. कारखाना चिनी मातीच्या भांड्यांचा. कप, बशा, किटल्या, मोठे पसरट वाडगे. भट्टीतून निघालेला माल शेवटी तिच्या टेबलावर यायचा आणि तिथून सुटलेला खोका ट्रकमधून, आगगाडीतून, जहाजातून कुठल्या कुठे जायचा. सव्वीस वर्षांत तिच्या हातच्या खोक्यात फुटका कप निघाल्याची तक्रार तीनदा आली होती. तिन्ही खोके तिला अजून आठवत. त्यातला एक आपण अंगात ताप असताना भरला होता, असं ती सांगायची, म्हणजे तो धरायचा नाही.

तिची पद्धत एकच. आत जागा राहू द्यायची नाही. कप कागदात गुंडाळला तरी भागत नाही, त्याच्या पोटातही कागद कोंबायचा, कानाच्या वळणात कोंबायचा, कोपऱ्यात कोंबायचा. मग खोका कानाशी धरून हलवायचा. आतून चकार शब्द आला नाही तरच चिकटपट्टी. नव्या मुलींना ती सांगायची, "खोका बोलला की समजा, फुटला." हा स्वभाव घरीही सुटत नव्हता. ताटलीताटलीत कागद, गोळ्यांच्या डबीत कापूस. एवढंसं घर, तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण एक वस्तू दुसरीला लागेल तर शपथ. नवरा म्हणायचा, हिच्या हाती लागलो तर ही मलाही गुंडाळून माळ्यावर ठेवील.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मितभाषी माणूस. घरात बोलण्याचं सगळं खातं सासूबाईंकडे होतं. सासूबाई तीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. काचेच्या नळ्या धुणं, तराजू पुसणं, बेडूक पळाला तर शोधणं, हे त्यांचं काम. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा तिथले मासे कुणालाच नको होते. सासूबाईंनी ते बादलीत घालून घरी आणले आणि स्वतःच्या निवृत्तीला मिळालेली भेटवस्तू म्हणून मिरवले. आता कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या आतल्या खोलीत पलंगावरच असत, आणि पलंगाच्या पायथ्याशी ती टाकी. चार फूट लांब, काचेची, पाण्याने भरली की अडीचशे किलोंची. आत बारा मासे. अकरा बारके, आणि एक सोनेरी मासा, एकोणीस वर्षांचा, तळहाताएवढा, म्हातारपणाने रंग उडून जवळजवळ पांढरा झालेला. तो टाकीभर इतक्या संथपणे फेऱ्या मारायचा, की शाळेतल्या मुलांनीच त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं होतं.

पॅकरबाईला माशांचं काही प्रेम नव्हतं. तिच्या लेखी ती एक ओली, जड आणि फुटणारी वस्तू होती आणि तिच्याच घरात ती नीट बांधलेली नव्हती, एवढंच तिला खुपायचं.

त्या भागात जमीन हलणं नवं नव्हतं. वर्षातून एकदोनदा टांगलेला दिवा झुलायचा, माणसं एकमेकांकडे बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. पण त्या वर्षी धक्के वरचेवर यायला लागले. एका सकाळी ती सासूबाईंना गोळी देत होती, तेवढ्यात पेल्यातला चमचा वाजला. तिची नजर टाकीवर गेली. आतलं सगळंच्या सगळं पाणी, जणू ते एकच जाड फळकुट आहे असं, एका बाजूला कललं. क्षणभर तसंच राहिलं. मग दुसऱ्या बाजूला गेलं. जमीन केव्हाच थांबली, चमचा गप्प झाला, तरी पाणी आपलं जात होतं, येत होतं, कसलीच घाई नसल्यासारखं. गोळी हातात धरून ती बघतच राहिली. जन्मभर तिने जड वस्तू हाताळल्या होत्या. इतकी जड वस्तू इतक्या हळुवारपणे हलताना तिने पाहिली नव्हती.

नवऱ्याने संध्याकाळी फरशीवरचा ओघळ पाहिला आणि त्या दिवशी तो बोलला. लिफ्टच्या विहिरीत त्याने भूकंपानंतर काय काय पाहिलं होतं ते त्याने आईला सांगितलं. एवढी काच आणि एवढं पाणी तुझ्या पायांवर आलं, तर तुला उठून पळताही येणार नाही, म्हणाला. बाहेरच्या खोलीत टाकीला जागा नव्हती. त्याने माशांच्या दुकानदाराला विचारलं. दुकानदार येऊन बघून गेला. बारके मासे नेईन, म्हणाला, पण हा म्हातारा नव्या पाण्यात आठवडा काढणार नाही. तरी नवऱ्याने महिन्याचा शेवटचा रविवार ठरवून टाकला.

सासूबाईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "ने. तुझं बरोबर आहे." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. दोन दिवस त्यांनी सुनेच्या चहाला नावं ठेवली नाहीत. तेव्हा मात्र पॅकरबाईचा जीव खालीवर झाला.

आणि खरं सांगायचं तर तिला रागही आला होता. काच वाचवता येत नाही, हे तिच्या घरात, तिच्यासमोर, कुणी म्हणावं?

"रविवारपर्यंत मला बघू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "मग न्या."

"बघ. पण मला पटलं पाहिजे."

तिने विचार केला तो पॅकरचा. पाणी हललं का, तर वर चार बोटं जागा होती म्हणून. अर्धा भरलेला खोकाच फुटतो. तेव्हा जागाच ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तिने जाड प्लॅस्टिकचा पत्रा मापाने कापून आणला, कडांना रबराची पट्टी लावली. सासूबाईंचा डोळा लागल्यावर तिने टाकी काठोकाठ भरली, हवेची नळी वाटेत येत होती ती काढून ठेवली, पत्रा दाबून बसवला आणि चारी बाजूंनी पकडी आवळल्या. टाकीला हात लावून हलवून पाहिलं. आतून चकार शब्द नाही. ती समाधानाने झोपली.

सकाळी सासूबाईंच्या हाकेने ती धावत आली. बाराही मासे एका कोपऱ्यात जमले होते. पत्र्याखाली तिथे बशीएवढा हवेचा बुडबुडा राहिला होता आणि सगळी तोंडं त्याला लागली होती, उघडत, मिटत. हेडमास्तर खालून येऊन आपली पाळी येण्याची वाट बघत होता, तसाच संथपणे.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "तू मासे गुंडाळलेस?"

तिने घाईघाईने पकडी सोडल्या. पत्रा निघाला, हवेची नळी पाण्यात गेली, बुडबुडे सुरू झाले. तासाभराने मासे पांगले. ती पलंगाच्या कडेला मान खाली घालून बसली होती. ही आपली चौथी तक्रार, तिच्या मनात आलं, आणि ही ताप असताना नव्हती.

सासूबाई तिला टाकून बोलल्या नाहीत. पाण्याला वरून हवा लागते, त्याला अंग मोकळं ठेवावं लागतं, हे त्यांनी एखाद्या पोराला समजावावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "कपडे भिजवायचा तो लांबट टब आण. माझ्याजवळ ठेव. अर्ध्याच्या थोडं वर पाणी भर."

तिने दोन स्टुलं जोडून त्यांवर टब ठेवला.

"आता टब एका बोटाने ढकल. जोर लावू नकोस. पाणी तुझ्याकडून निघालं की टबाला लाव बोट, परत येऊ दे, निघालं की पुन्हा लाव."

तिने बोट लावलं. काहीच झालं नाही, नुसती एक रेघ गेली आणि आली. पुन्हा लावलं. पाचव्या खेपेला पाणी टबाच्या टोकाला दोन बोटं चढलं. आठव्या खेपेला ते चढताना दिसायला लागलं, जसा झोपाळा दिसतो, लांबून येणारा. बाराव्या खेपेला ते टबाच्या काठावरून उठलं आणि तिच्या साडीवर, पलंगावर, सासूबाईंच्या चादरीवर धपकन कोसळलं.

दोघी भिजून बसल्या. पॅकरबाई आपल्या बोटाकडे बघत होती. जोर असा तिने लावलाच नव्हता. चहाचा कप सरकवायलाही त्याहून जास्त लागतो. पाण्याने तिचा एकेक धक्का सांभाळून ठेवला होता, एकही वाया जाऊ दिला नव्हता, आणि शेवटी सगळे मिळून एकदम परत केले होते.

"जमीनसुद्धा असंच करते," सासूबाई चादर पिळत म्हणाल्या. "ती काही गदागदा हलवत नाही दर वेळी. बोट लावत राहते."

"मग हे अडवायचं कसं?"

"अडवायचं नाही. दमवायचं. कसं ते तू बघ, मी नळ्या धुणारी बाई."

पुढचे दोन दिवस पॅकरबाईचं जेवणात लक्ष नव्हतं. टेबलावर कप भरताना ती मध्येच थांबायची. आणि अशीच थांबली असताना तिला हातातला खोका दिसला. बारा कपांचा खोका. आत पुठ्ठ्याचे उभेआडवे पडदे, बारा खाने. हे खाने कशासाठी, तर कपाला धावायला जागा मिळू नये म्हणून. कप हलतो, पण बिचारा चार बोटं हलून पुठ्ठ्याला टेकतो, दुसऱ्या कपापर्यंत पोचतच नाही. सव्वीस वर्षं ती हे खाने हाताने उघडत होती. आत जागा नको, जागा नको, असं घोकत होती, आणि खान्यात तर जागा होतीच. फक्त लांब जागा नव्हती.

त्या संध्याकाळी ती भंगारातल्या प्लॅस्टिकच्या नालीदार पत्र्याचे तुकडे घेऊन आली. तीन पडदे कापले. टाकीच्या वरच्या कडेला ते आडवे अडकवायचे आणि पाण्यात वीतभर लोंबकळू द्यायचे, म्हणजे वरचं पाणी चार खान्यांत वाटलं जाईल आणि खालून माशांना सगळी टाकी मोकळी. आधी टबात करून पाहिलं. सासूबाई मोजत होत्या. चाळीस वेळा बोट लावलं. पाणी प्रत्येक खान्यात नुसतं कुरकुरलं, पडद्यावर डोकं आपटलं आणि बसलं.

"अजून लाव," सासूबाई उशीवरून उठून बसत म्हणाल्या. कंबर मोडल्यापासून त्या अशा आपण होऊन उठल्या नव्हत्या.

साठ झाले. टबाबाहेर थेंब नाही.

मग सासूबाईंनी कामाचा ताबाच घेतला. पडद्यांना भोकं पाडायला लावली, म्हणजे पाणी थोडं गळून जाईल, आदळणार नाही. खालच्या कडा गोल घासून घ्यायला लावल्या, हेडमास्तरच्या परांना लागायला नकोत. त्यांवर स्वतः बोट फिरवून बघत आणि एवढंसं खरखरलं की परत पाठवत. पाणी वीतभर कमी केलं आणि पडदे तेवढेच खाली उतरवले. टाकीतले मोठे दगड, शाळेच्या मुलांनी कधीकाळी आणलेले, बाहेर काढायचे म्हटल्यावर त्या जरा घुटमळल्या. पण दगड गडगडला तर काचेवरच जाणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही. टाकीखाली जाड रबराची चादर आली. विजेची पट्टी फरशीवरून उचलून भिंतीवर गेली. पलंग फिरवून त्यांचे पाय दाराकडे केले आणि पलंग पलीकडच्या भिंतीला लावला.

नवरा हे सगळं दारात उभा राहून बघत होता. एके दिवशी तो आपली हत्यारांची पेटी घेऊन आला. विटांच्या भिंतीत ठोकलेला खिळा भूकंपात लोण्यातून निघावा तसा निघतो, म्हणाला, आणि त्याने निम्मं पाणी उपसून टाकीचं लोखंडी स्टँड दोन हात सरकवून सिमेंटच्या खांबाला चार बोल्टांनी आवळलं. वर हेही सांगितलं की हे आपण स्टँडसाठी करतोय, माशांसाठी नाही. शेवटी त्याने स्टँड धरून गदागदा हलवलं. घर हललं असेल, स्टँड नाही.

"भिंतीचं मी सांगतो," तो म्हणाला. "काचेचं कुणी सांगायचं?"

म्हणजे रविवार तसाच उभा होता.

त्याआधीच्या गुरुवारी भट्ट्या साफ करायच्या म्हणून कारखान्याला सुट्टी होती. दुपारी ती पलंगावर सासूबाईंच्या मागे बसून त्यांचे केस विंचरत होती. आधी आवाज आला, रस्त्यावरून अवजड गाडी जावी तसा, पण तो जाईना. मग फणी हातातून पडली. तिने दोन्ही उशा ओढल्या, सासूबाईंना आडवं केलं, त्यांच्या डोक्यावर उशी, आपल्या डोक्यावर उशी, आणि त्यांच्यावर ओणवी झाली. पलंग फरशीवर चालायला लागला होता. स्वयंपाकघरात काहीतरी पडलं, मग बरंच काही पडलं. दाराच्या चौकटीवर एक भेग आली आणि ती बघत असतानाच वर चढत गेली.

उशीखालून दोघींना टाकी समोर दिसत होती.

चार खान्यांत चार डोंगर उठले. हातभर नव्हेत, वीतभर. एक चढायचा तेव्हा शेजारचा उतरायचा, पडद्यांवर आपटून पाण्याचा पांढरा भुगा व्हायचा, भोकांतून कारंजी उडायची. काचेवरून पाणी निथळत होतं. पडदे वाकत होते, पुन्हा सरळ होत होते. तिला प्रत्येक पडद्याची कड आठवत होती, कुठली कितीदा घासली ते. तिला वाटलं, आता गेला. मग वाटलं, हा नाही, पुढचा.

आणि या सगळ्याच्या खाली हेडमास्तर उभा होता.

उभा, दुसरा शब्द नाही. टाकीच्या मधोमध, पर पसरून. भिंती जात होत्या, छत जात होतं, दिवा वर्तुळं काढत होता, तिची स्वतःची हाडं एकमेकांवर वाजत होती, आणि तो मासा जिथल्या तिथे होता. मग तिच्या ध्यानात आलं की तो जिथल्या तिथे नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे तो जात होता, पाण्याइतकाच, केसभर कमी नाही की जास्त नाही. पाण्याशी त्याचं काही भांडणच नव्हतं. बारके मासे त्याच्या मागे, त्याच्याच दिशेला तोंडं करून, एका ओळीत. त्याचा एक डोळा, गोल आणि बिनपापणीचा, तिच्याकडे होता. त्यात ना भीती होती, ना धीर. तिने काही न गुंडाळता, काही न कोंबता इतकं सुरक्षित असं काही जन्मात पाहिलं नव्हतं. घर डोक्यावर पडायला आलं असताना ती भ्यायची विसरली. किती वेळ, कुणास ठाऊक. अर्धं मिनिट असेल.

थांबलं तेव्हा धुळीचा वास आला. कुत्री भुंकायला लागली.

"आई?"

"ऊठ माझ्या अंगावरून," उशीखालून सासूबाई म्हणाल्या. "भूकंप परवडला."

शेजारच्यांनी सासूबाईंना खुर्चीत बसवून रस्त्यावर आणलं. सगळी गल्लीच बाहेर होती. पलीकडे राहणाऱ्या गवंड्याने हुकूमच काढला, की आपण भिंती बघितल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही, आणि तो हातोडी घेऊन एकेका घरात शिरला. वीज गेली होती. घर धड होतं, टाकीही धड होती, हे निघताना तिने पाहिलं होतं. फरशीवर दोन मगभर पाणी आणि त्यात एक बारका मासा, काठावरून उडालेला. तिने तो उचलून परत पाण्यात सोडला, पण तो पोहला नाही. हे तिने सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हवेचं यंत्र बंद असेल."

शेजारीण कुणाचं काय काय फुटलं ते सांगत होती आणि सासूबाई आपल्या दाराकडे बघत होत्या. पॅकरबाईला शेजारणीला सांगायचं होतं, आपण काय पाहिलं ते. तिने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा नुसता हात वर केला, आडवा धरला, आणि खाली घेतला.

दिवस मावळायला आला तेव्हा नवरा चालत आला. सात लिफ्टमधून माणसं काढली होती. तोंड, कोपरं ग्रीसने काळी.

"आई?"

"ही काय, बसलेय."

त्याने आईच्या डोक्यावरून हात फिरवला, बायकोकडे पाहिलं, आणि घराकडे. टाकीचं त्याने विचारलं नाही. गवंडी नुकताच त्यांच्या घरातून बाहेर आला होता. दाराची चौकट सोडली तर भिंती ठीक आहेत, म्हणाला, जा, पण दार उघडं ठेव. नवरा आत गेला. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही.

मग पाणी पडल्याचा आवाज आला.

पॅकरबाईला वाटलं, काच आत्ता गेली. सगळं होऊन गेल्यावर, आत्ता. ती उठली. आवाज थांबला. पुन्हा आला, बारीक धार पडावी तसा, आणि पुन्हा थांबला. सासूबाईंनी तिचा हात धरून तिला खाली ओढलं.

"मगाने ओततोय," त्या म्हणाल्या. "शाळेत वीज गेली की लहानपणी त्यालाच बसवायचे मी. पाणी काढायचं, वरून ओतायचं. धारेबरोबर हवा जाते आत. विसरला नाही मेला."

ती आत गेली तेव्हा तो स्टुलावर बसला होता. खिडकीतून थोडा उजेड येत होता. मग भरायचा, पडद्यांच्या मधल्या खान्यात ओतायचा, थांबायचा. हेडमास्तर धारेखाली आला होता आणि तिथेच रेंगाळत होता.

"किती वर आलं होतं?" त्याने मान न वळवता विचारलं.

तिने हाताने दाखवलं. वीतभर.

"आणि मासे?"

तिला वाटलं, आता सांगता येईल. "ते हलले नाहीत," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे, हलले. पण..." आणि थांबली.

त्याने ओतायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्याकडे सांगायला शब्द नाहीत असं त्याने पाहिलं नव्हतं.

"उद्या फोन लागले की दुकानदाराला कळवतो," तो म्हणाला. "रविवारी येऊ नको म्हणून."

"हो."

"पडदे अजून दोन हवेत. कडेच्या खान्यात पाणी जास्त चढलंय, काचेवर ओल दिसतेय बघ इथपर्यंत..."

"अरे, बोलत काय बसलात!" रस्त्यावरून सासूबाईंचा आवाज आला. "ओता! आणि जरा उंचावरून!"